मिसरोदच्या आसमंतात

इटारसीहून भोपाळकडे निघालेली आगगाडी नर्मदेचा पूल ओलांडते, बुधनीच्या पलीकडे विंध्याचा घाट चढते आणि ओबेदुल्लागंज मागे टाकून सपाटीला लागते. मग मंडीदीपच्या कारखान्यांची रांग दिसते आणि तिच्यामागून एक लहानसे स्थानक येते. त्याचे नाव मिसरोद. वेगाने धावणाऱ्या गाड्या येथे थांबत नाहीत. मुंबईहून किंवा पुण्याहून उत्तरेकडे जाणारा मराठी प्रवासी या वेळी बहुधा वळकटी बांधण्यात किंवा पुढच्या मोठ्या स्थानकावर काय खावयास मिळेल याच्या चिंतेत असतो. फलाटावरची पाटी वाचून होण्याच्या आतच गाडी पुढे गेलेली असते.

काही वर्षांपूर्वीपर्यंत मिसरोद हे भोपाळच्या वेशीबाहेरचे, गव्हाच्या शेतांनी वेढलेले एक गाव होते. आज ते शहरात सामावले गेले आहे. हमरस्त्याच्या दोन्ही अंगांना घरांच्या वसाहती, महाविद्यालये, रुग्णालये आणि दुकाने उभी राहिली आहेत. येथूनच पश्चिमेकडील बैरागढपर्यंत केवळ बसगाड्यांसाठी राखून ठेवलेला असा एक मार्ग २०१३ साली सुरू झाला होता. वाहतुकीची कोंडी वाढते, अशी ओरड झाल्यामुळे २०२४ सालापासून तो उखडून टाकण्यात आला. एका रस्त्याचे आयुष्य अकरा वर्षांत आटोपले. याच मिसरोदपासून तासाभराच्या आत अशी बांधकामे पाहावयास मिळतात की, ज्यांचे दगड हजार वर्षे झाली तरी चुन्यावाचून एकमेकांवर बसून आहेत.

गावात स्वतःचे असे प्रेक्षणीय स्थळ फारसे नाही, हे आधीच सांगितलेले बरे. मिसरोदचे महत्त्व त्याच्या जागेत आहे. राजा भोजाच्या नावाशी जोडले गेलेले एक अफाट तळे या परिसरात एके काळी पसरले होते. ते तळे आज नाही. पण ते होते, एवढे ध्यानात ठेवले तर या मुलखातील डोंगर, नद्या, गावांची नावे आणि ओसाड पडलेली देवळे यांचा परस्परांशी असलेला संबंध उलगडू लागतो. तळे विसरले, तर भोजपूर हे एक अर्धवट राहिलेले देऊळ ठरते आणि मंडीदीप हे एक धुरकट औद्योगिक गाव.

माळव्याच्या परमार वंशातील भोज राजाने अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात, म्हणजे साधारणतः १०१० ते १०५५ या काळात राज्य केले. त्याची राजधानी धार. व्याकरण, काव्यशास्त्र, वैद्यक, वास्तू अशा नाना विषयांवरील ग्रंथ त्याच्या नावावर आहेत. या राजाला दुर्धर त्वचारोग जडला आणि तीनशे पासष्ट ओढ्यांचे पाणी एकत्र करून त्यात स्नान केल्यावाचून तो बरा होणार नाही, असे एका साधूने सांगितले, अशी आख्यायिका आहे. राजाच्या माणसांनी बेतवेचे खोरे धुंडाळले, तेव्हा तीनशे एकोणसाठ ओढे मोजून झाले. उरलेले पाणी कोठून आणावे, हे कोणालाच सुचेना. तेव्हा कालिया नावाच्या एका गोंड नायकाने डोंगरापलीकडून वाहणारी एक लपलेली नदी दाखवून दिली. तिच्या उपनद्या धरल्या की, संख्या पुरी होत होती. त्याच्या नावावरून त्या नदीला कालियासोत म्हणू लागले. ही नदी आजही मिसरोदच्या दक्षिणेस हमरस्ता ओलांडून जाते. पुलावरून जाणाऱ्या मोटारींना ती एरवी जाणवतही नाही. पावसाळ्यात मात्र तिचा गढूळ लोंढा पाहण्यासारखा असतो.

आख्यायिका बाजूला ठेवली, तरी तिच्या पोटात असलेली गोष्ट खरीच आहे. बेतवेचे पाणी एवढे मोठे खोरे भरण्यास अपुरे होते, म्हणून कालियासोतचा प्रवाह तिच्या मूळ पात्रातून वळवून बेतवेच्या खोऱ्यात आणण्यात आला. ज्या बांधाने हे साधले, तो आज भोपाळ शहराच्या मध्यभागी मोठे व लहान अशा दोन तलावांच्या दरम्यान आहे. त्यावरून रोज हजारो वाहने जातात. भोपाळ या नावाची एक व्युत्पत्ती ‘भोजपाल’, म्हणजे भोजाचा बांध अशी सांगितली जाते, तिचा आधार हाच.

या तळ्याविषयीची पहिली पद्धतशीर टिपणे एका इंग्रज अधिकाऱ्याने केली. भोपाळ दरबारी राजकीय प्रतिनिधी असलेला विल्यम किंकेड हा घोड्यावरून या भागात हिंडत असे. १८८८ साली ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात त्याने आपल्या भटकंतीचा वृत्तान्त छापला. त्याच्या पाहणीच्या आधारे पुढे ‘इम्पीरियल गॅझेटियर’मध्ये आलेले वर्णन मोठे लक्षवेधी आहे. या खोऱ्याभोवती डोंगरांचे नैसर्गिक कडे आहे. त्यात खिंडी फक्त दोन. एक सुमारे शंभर यार्ड रुंदीची, दुसरी पाचशे यार्डांची. त्या दोन खिंडी बुजविल्या की, तळे आपोआप तयार होते. ज्याने ही जागा हेरली, त्याची नजर कोणत्या योग्यतेची असेल! नकाशे नाहीत, दुर्बिणी नाहीत, उंची मोजण्याची आजची साधने नाहीत, आणि तरीही मैलोगणती पसरलेल्या प्रदेशाची पातळी त्याने मनात बरोबर धरली होती.

लहान बांध ४४ फूट उंच आणि पायाशी ३०० फूट जाड होता. मोठ्या बांधाची उंची २४ फूट, पण त्याचा माथा १०० फूट रुंद होता. आत मातीचा भराव, आणि दोन्ही अंगांना वालुकाश्माच्या प्रचंड शिळांचे अस्तर. कित्येक शिळा चार फूट लांब, तीन फूट रुंद आणि अडीच फूट जाड आहेत. त्यांच्यामध्ये चुना नाही. जादा पाणी निघून जाण्यासाठी शेजारच्या टेकडीत सांडवा कोरून काढलेला होता. मातीच्या धरणाचा माथा पाण्याने ओलांडला की, ते धरण टिकत नाही, हे त्या बांधणाऱ्यांना पक्के माहीत होते. तळ्याचा विस्तार गॅझेटियरने २५० चौरस मैल, म्हणजे सुमारे ६५० चौरस किलोमीटर दिला आहे. तो एकोणिसाव्या शतकातील पाहणीचा अदमास आहे, हे लक्षात ठेवूनच तो वाचावा. पण भोपाळचा आजचा मोठा तलाव, ज्याच्या लौकिकापुढे इतर सारी तळी म्हणजे डबकी असे तेथील लोक अभिमानाने सांगतात, तो तीसएक चौरस किलोमीटरांचा आहे. तुलनेला एवढे पुरे.

हे तळे फुटले कसे? माळव्याचा सुलतान होशंगशाह याने पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात लहान बांध कापून ते रिते केले, असे परंपरा सांगते. गोंडांच्या कथेप्रमाणे बांध कापण्यास सैन्याला तीन महिने लागले, तळे रिकामे होण्यास तीन वर्षे लागली आणि त्याचा तळ राहण्याजोगा होण्यास आणखी तीस वर्षे जावी लागली. या कृत्याला काय म्हणावे, यावर दोन मते होऊ शकतात. गॅझेटियरकारालाही ते ठरविता आले नाही. सुलतानाने ते विध्वंसाच्या उन्मादात केले असेल किंवा विचारपूर्वकही केले असेल. कारण पाणी ओसरल्यावर जी जमीन वर आली ती उत्कृष्ट काळी जमीन होती, आणि त्या जमिनीने पुढे शेकडो वर्षे गहू पिकविला. तळे गेले म्हणून हळहळणाऱ्याने ती भाकरीही हिशेबात धरली पाहिजे. आता त्या जमिनीवर इमारतींचे पीक येऊ लागले आहे. सुलतानाने पाणी घालवून शेत केले. आजचे लोक शेत घालवून घरे करीत आहेत. या दुसऱ्या बदलाला मात्र कोणी विध्वंस म्हणत नाही.

योगायोग असा की, मिसरोदवरून जाणारा हमरस्ता अनेक पिढ्या होशंगाबाद रस्ता म्हणून ओळखला गेला. ज्याने तळे फोडले असे सांगतात, त्याच्याच नावाच्या गावाला जाणारा रस्ता त्या तळ्याच्या मुलखातून जावा, याला काय म्हणावे! २०२२ साली होशंगाबादचे नाव नर्मदापुरम् झाले, पण बोलण्यात अजून जुनेच नाव येते. १८८४ साली इटारसीहून भोपाळला पोहोचलेली लोहमार्गाची वाटही या जुन्या तळ्याच्या तळातूनच गेली आहे, अशी नोंद गॅझेटियरमध्ये आहे. आगगाडीच्या खिडकीपाशी बसलेला उतारू येथे एके काळच्या पाण्याखालून प्रवास करीत असतो. आणि मंडीदीप? त्या नावातील ‘दीप’ म्हणजे द्वीप. तळे भरलेले असताना ते त्यातील बेट होते, असे मानतात. बेटावर आता कारखाने आहेत, आणि भोवतालचे पाणी फक्त नावात उरले आहे.

मिसरोदच्या पुढे अकरा मैल या नावाने ओळखला जाणारा चौफुला लागतो. मैलांचे दगड केव्हाच गेले, नाव राहिले. तेथून डावीकडे वळले की, बंगरसियावरून भोजपूरची वाट आहे. मध्ये शेते, झुडपी टेकड्या आणि तांबूस वालुकाश्माचे उघडे खडक लागतात. बेतवा जवळ आली की, एका उंचवट्यावर देऊळ दिसू लागते. दुरून पाहताना ते मोठे वाटत नाही. त्याला शिखर नाही, त्यामुळे डोळ्यांना मोजमाप सापडत नाही. पायऱ्या चढून दाराशी गेल्यावरच माणसाला आपली उंची कळते.

भोजेश्वराचे हे मंदिर बाहेरून प्रत्येक बाजूस सुमारे ६६ फूट भरते. आत चाळीस फूट उंचीचे चार स्तंभ आहेत आणि त्यांच्यामध्ये, एकावर एक ठेवलेल्या प्रचंड शिळांच्या पीठावर, शिवलिंग आहे. नुसत्या लिंगाची उंची साडेसात फूट आणि घेर जवळजवळ अठरा फूट. खालच्या पीठाची एकेक बाजू साडेएकवीस फुटांची. पूजा करावयाची तर पुजाऱ्याला शिडी लावून वर चढावे लागते. नक्षीकाम विरळ आहे. भिंती जवळपास कोऱ्या. वेरूळच्या किंवा खजुराहोच्या शिल्पांनी ज्याचे डोळे तृप्त झाले आहेत, त्याला पहिल्या क्षणी येथे काहीतरी उणे वाटेल. थोडा वेळ उभे राहिले की, ते उणेपणच या वास्तूचे बळ आहे असे जाणवू लागते. येथे दगडाला बोलावयास लावलेले नाही. त्याला नुसते उभे केले आहे.

भोजकाळी महाराष्ट्र याहून फारसा निराळा नव्हता, हेही येथे आठवावे. मुंबईजवळचे अंबरनाथाचे शिवालय शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० या सालच्या शिलालेखाने ओळखले जाते. भोजाच्या मृत्यूनंतर अवघ्या पाच-सहा वर्षांचा तो काळ. अंबरनाथचे मंदिर ज्या भूमिज पद्धतीचे आहे, तिचा माळव्याशी निकटचा संबंध आहे. सिन्नरचा गोंदेश्वर पाहिलेल्या मराठी माणसाला भोजपूरच्या परिसरातील पडलेले दगड अगदीच परके वाटणार नाहीत.

हे देऊळ अपुरे का राहिले, याची अनेक उत्तरे दिली जातात. लोककथा सांगते की, ते एका रात्रीत पुरे व्हावयाचे होते आणि पहाट झाली. अशी पहाट हिंदुस्थानातील पुष्कळ देवळांवर उजाडलेली आहे. इतिहासाच्या बाजूने पाहावे, तर भोजाच्या अखेरच्या दिवसांत गुजरातचा चालुक्य भीम आणि कलचुरी कर्ण हे दोघे त्याच्यावर चालून आले होते. त्या धामधुमीत काम थांबले असावे. किरीट मनकोडी या मुंबईच्या कलेतिहासकारांनी एक निराळीच कल्पना पुढे मांडली आहे. तिच्याप्रमाणे हे नेहमीचे देवालय नसून, दिवंगताच्या स्वर्गारोहणाच्या स्मृतीसाठी उभारावयाचा प्रासाद असावा. सर्वांनाच ती मान्य नाही, पण या वास्तूच्या विलक्षण घडणीचा उलगडा करू पाहणारी ती कल्पना आहे, एवढे निश्चित.

मात्र भोजपूरला जाऊन नुसते लिंगाचे दर्शन घेऊन जो परतला, त्याने खरा ठेवा पाहिलाच नाही. देवळाच्या मागील अंगाला दगडमातीचा एक मोठा उतार आहे. चाळीस फूट उंचीवर टनावारी वजनाच्या शिळा चढविल्या कशा, हा प्रश्न जगातील प्रत्येक प्राचीन वास्तूपाशी विचारला जातो; येथे त्याचे उत्तर जागच्या जागी पडलेले आहे. याच उतारावरून शिळा ओढत नेल्या. काम पुरे झाले असते तर हा उतार काढून टाकला गेला असता. अपुरेपणाने ही साक्ष राखून ठेवली. दगडांवर पाथरवटांच्या निशाण्या आहेत. चक्र, त्रिशूळ, शंख अशा आकृतींच्या सुमारे तेराशे निशाण्या आढळल्या आहेत. राजाचे नाव या देवळावर कोठेही कोरलेले नाही. ते जवळच्या जैन मंदिरातील साडेबावीस फूट उंच शांतिनाथांच्या मूर्तीखालच्या लेखात सापडते. पण मजुरांच्या खुणा देवळाच्या अंगावर आहेत.

आणि त्याहून मोलाची वस्तू म्हणजे भोवतालच्या खडकांवर कोरलेली आराखड्यांची रेखाचित्रे. स्तंभ, तोड्या, घुमट, पायाच्या मांडण्या, शिखरांच्या चढत्या रेषा, हे सारे सुताराने फळीवर रेघा माराव्यात तसे सपाट खडकावर आखून ठेवले आहे. काही आकृत्या या देवळाच्या भागांशी जुळतात. काही अशा वास्तूंच्या आहेत की, ज्या येथे कधी उभ्याच राहिल्या नाहीत. शिल्पशास्त्राच्या पोथ्या आपल्याकडे आहेत. खुद्द भोजाच्या नावावरील ‘समरांगणसूत्रधार’ हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत गणपतिशास्त्री यांनी संपादून १९२४ व १९२५ साली दोन खंडांत प्रसिद्ध केला. म्हणजे सयाजीराव महाराजांच्या आश्रयानेच हा ग्रंथ छापील रूपात जगासमोर आला. पण पोथीतील सूत्र आणि उभे देऊळ यांच्यामधला दुवा, म्हणजे मिस्त्रीचा आराखडा, एवढ्या विपुलतेने दुसरीकडे क्वचितच पाहावयास मिळतो.

या आराखड्यांचा आणि त्या ग्रंथाचा एकत्र अभ्यास करणारे पुस्तक २०१५ साली निघाले. त्याचे लेखक ॲडम हार्डी हे वेल्समधील कार्डिफ येथील वास्तुविद्येच्या विद्यालयात भारतीय मंदिरांचा अभ्यास करीत असत. मेंढ्यांची कुरणे आणि पडके किल्ले यांसाठी प्रसिद्ध असलेल्या त्या चिमुकल्या पावसाळी देशातून एक अभ्यासक बेतवेकाठच्या उन्हात येतो आणि खडकावरच्या रेघा मोजीत बसतो, ही गोष्ट मनाला चटका लावणारी आहे. वेल्समधील लहानशा बाजारगावांतही परगावच्या पाहुण्यांसाठी माहितीचे टिपण असते: पडका गढीचा बुरूज येथे, जुनी गिरणी तेथे, नदीकाठची पायवाट अमुक दगडापासून. मिसरोदला कोणी असे टिपण हातात देत नाही. मिसरोदपाशी दाखवावयास मात्र हजार वर्षांचे सामान आहे.

त्या रेघांची आजची स्थिती कशी आहे? काहींच्या भोवती कठडे घातलेले आहेत. पण खडक उघड्यावर आहे. ऊन, पाऊस आणि पावले यांनी रेघा झिजत आहेत. महाशिवरात्रीला आणि मकर संक्रांतीला येथे मोठी जत्रा भरते. दर्शनाला येणारा माणूस भाविक असतो, त्याचा दोष नाही. आपण एका प्राचीन मिस्त्रीच्या कागदावर उभे आहोत, हे त्याला ठाऊकच नसते. तिरप्या उन्हात, सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर, या रेघा स्पष्ट उमटतात. भर दुपारी पाहणाऱ्याला नुसता खडक दिसतो.

मंदिराची डागडुजीही उल्लेखनीय आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या वतीने २००६-०७ च्या सुमारास के. के. मुहम्मद यांच्या देखरेखीखाली येथे काम झाले. गहाळ झालेला एक स्तंभ नव्याने घडवून बसविला गेला आणि छताच्या उघड्या भागातून आत गळणारे पावसाचे पाणी थांबविण्यासाठी दगडाशी मिळतेजुळते असे काचतंतूंचे हलके आच्छादन घातले गेले. देवळाचे रूप न बिघडविता ते वाचविण्याचा हा मार्ग होता. जुन्या देवळांना तैलरंग फासून त्यांचा जीर्णोद्धार झाला असे मानणाऱ्यांनी तो मुद्दाम जाऊन पाहावा.

भोजपूरहून जवळच, मेंदुआ गावाच्या बाजूला, बांधाचा अवशेष आहे. तेथे पाटी-बिटी फारशी मिळणार नाही. गावकऱ्यांना विचारीत जावे. दोन्ही बाजूंनी शिळांचे थर आणि मध्ये माती, हे येथे नीट पाहता येते. आणि आशापुरीला जाण्यास आणखी थोडाच वेळ लागतो. आशापुरीत एका तळ्याच्या काठी प्रतिहार आणि परमार काळातील वीसहून अधिक देवळांचे ढिगारे आहेत. देऊळ म्हणून उभे असे जवळजवळ काही नाही. आमलक, स्तंभशीर्षे, द्वारशाखा, कोरीव पट्ट्या, सारे विखुरलेले. कार्डिफच्या त्याच अभ्यासकांनी भोपाळच्या नियोजन व वास्तुकला विद्यालयाच्या मदतीने येथील दगडांची नोंद केली आणि कोणता दगड कोणत्या देवळाचा, ते देऊळ मूळचे कसे दिसत असेल, हे चित्रांत मांडून दाखविले. ढिगाऱ्यासमोर उभे राहून पाहुण्याला ते एकट्याने कळणे कठीण आहे. म्हणून गावातील लहानसे संग्रहालय आधी पाहावे.

एवढे पाहून झाले की, दिवस मावळतो. दुसरा दिवस भीमबेटकासाठी ठेवावा. सकाळी मिसरोदच्या आसपास पोहे-जिलबीचा नाश्ता सहज मिळतो. मराठी माणसाला पोह्यांवर शेव आणि शेजारी जिलबी पाहून प्रथम नवल वाटते, नंतर सवय लागते.

मिसरोदहून दक्षिणेस हमरस्त्याने निघाले की, मंडीदीप आणि ओबेदुल्लागंज ओलांडल्यावर उजवीकडे डोंगराच्या माथ्यावर किल्ल्याच्या बुरुजांसारखे खडक दिसतात. त्या खडकांचा प्रथम उल्लेख किंकेडच्या १८८८ मधील त्याच लेखात येतो. पण त्याला ते स्थानिक लोकांकडून ऐकलेले, बौद्ध अवशेषांचे ठिकाण वाटले. त्यानंतर जवळपास सत्तर वर्षे तेथे काय आहे, याची विद्वानांना दाद नव्हती. लोहमार्ग पायथ्याजवळून जात होता. हजारो प्रवासी ते खडक पाहत पुढे जात होते.

१९५७ साली त्या मार्गाने जाणाऱ्या एका प्रवाशाने मात्र ते निराळ्या डोळ्यांनी पाहिले. विष्णु श्रीधर वाकणकर हे त्यांचे नाव. १९१९ साली नीमच येथे एका मराठी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. कर्मभूमी उज्जैन. हाडाचे चित्रकार, आणि चित्रकलेच्या ओढीनेच पुरातत्त्वाकडे वळलेले. ज्या घडणीच्या खडकांत गुहाचित्रे आढळतात, तशीच ही घडण आहे, असे त्यांना गाडीतून जाताना वाटले आणि ते उतरून डोंगर चढले. पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. सात टेकड्यांवर पसरलेले सातशेहून अधिक शैलाश्रय, त्यांपैकी शेकडोंत चित्रे. मध्याश्मयुगापासून मध्ययुगापर्यंत माणसे तेथे चित्रे काढीत राहिली. लाल गेरूची आणि पांढऱ्या रंगाची चित्रे अधिक, हिरवी-पिवळी क्वचित. गवे, हरणे, हत्ती, रानडुकरे, हातांत हात घालून नाचणारी माणसांची रांग, मध काढणारे लोक, आणि पुढच्या काळातील घोडेस्वार व ढालतलवारी. एका खडकावर तर नाना काळांत नाना हातांनी प्राण्यांचा असा मेळावा भरविला आहे की, त्याला प्राणिसंग्रहालयाचा खडक हेच नाव पडले.

भीमबेटकाशी महाराष्ट्राचा आणखी एक धागा जोडला गेला आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील वि. ना. मिश्र यांनी १९७० नंतरच्या दशकात येथे उत्खनन केले. चित्रांच्या काळाहूनही कितीतरी जुनी, अश्मयुगीन दगडी हत्यारे त्यातून हाती आली. चित्रे दहा-बारा हजार वर्षांची, तर वस्ती लाखभर वर्षांची, असे ते अंतर आहे. त्याच संस्थेत अभ्यास केलेल्या यशोधर मठपाल यांनी येथील चित्रांच्या जलरंगांत प्रतिकृती केल्या आणि १९८४ साली त्यांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. छायाचित्र घेणे सोपे असते. खडकासमोर बसून रेघ-रेघ उतरवून काढणे हे दुसऱ्याच प्रकारचे पाहणे आहे.

वाकणकरांना १९७५ साली पद्मश्री मिळाली. १९८८ साली त्यांचे निधन झाले. भीमबेटका जागतिक वारशाच्या यादीत गेले ते २००३ साली. तो दिवस पाहण्यास ते नव्हते. आता या स्थळाची कीर्ती एवढी वाढली आहे की, कधी कधी ती अभ्यासकांनाही चकविते. येथील सर्वांत मोठ्या गुहेच्या छतावर २०२० साली शास्त्रज्ञांना पानासारखा एक ठसा दिसला. तो पंचावन्न कोटी वर्षांपूर्वीच्या डिकिन्सोनिया नावाच्या प्राण्याचा जीवाश्म आहे, असे २०२१ साली जाहीर झाले आणि जगभर बातम्या झळकल्या. दोन वर्षांनी दुसऱ्या संशोधकांनी पुन्हा पाहणी केली, तेव्हा तो ठसा झिजू लागला होता. ते एक जुने, वाळलेले मधमाश्यांचे पोळे निघाले. ज्या डोंगरावर हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी मध काढण्याची चित्रे काढली, तेथे पोळे असणार, हे एखाद्या गोंड मुलाने पहिल्याच दिवशी सांगितले असते. आपली चूक उघडपणे मान्य करण्याचा मोठेपणा मात्र पहिल्या शास्त्रज्ञांनी दाखविला.

भीमबेटकाच्या भोवती रातापानीचे जंगल आहे. सागाचे, कोरडे, उन्हाळ्यात पाने झडून उघडे पडणारे. डिसेंबर २०२४ मध्ये त्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. गाभ्याचे क्षेत्र सुमारे ७६४ चौरस किलोमीटर, भोवतालच्या पट्ट्यासह १,२७१. आणि त्याला नाव देण्यात आले ते विष्णु वाकणकरांचे. वाघांच्या रानाला चित्रकाराचे नाव, असा प्रकार विरळाच. याच रानात गोंड राजांचा गिन्नौरगढ किल्ला आहे. तेथील राणी कमलापती हिचे नाव २०२१ पासून मिसरोदच्या पुढच्या, पूर्वीच्या हबीबगंज स्थानकाला आहे.

सवड असेल तर भोपाळ शहरही पाहावे. तेथील मानव संग्रहालय आणि जनजातीय संग्रहालय पाहण्यास एक दिवस कमीच पडतो. मराठी पाहुणा मोठ्या तलावाच्या काठी उभा राहिला की, त्याला आणखी एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. १७३७ च्या डिसेंबरात पहिल्या बाजीरावाने निजामुल्मुल्काला याच भोपाळात कोंडले होते. निजामाने तटबंदी आणि तलाव यांच्या आडोशाला आश्रय घेतला, जड तोफखान्याच्या संरक्षणात तो बसून राहिला. मराठ्यांनी समोरासमोर धडक न देता त्याची रसद तोडली. उपासमारीने हैराण झालेल्या निजामाला बाहेर पडावे लागले आणि जानेवारी १७३८ मध्ये वायव्येकडील दोराहा येथे तह झाला. माळवा आणि नर्मदा ते चंबळ या प्रदेशावरील मराठ्यांचा हक्क त्याने मान्य केला, शिवाय पन्नास लाखांची खंडणी. ज्या पाण्याने निजामाला काही काळ तारले ते पाणी भोजाच्या जुन्या व्यवस्थेतील एका बांधाने अडविलेले. होशंगशाहाच्या हातून सुटलेला तेवढाच तो बांध.

त्या तलावाला २०११ साली भोजताल असे नाव अधिकृतपणे देण्यात आले आणि तेथे राजाचा पुतळाही उभारण्यात आला. तलाव आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत २००२ पासून आहे. परंतु भोजाचे काम पाहावयाचे असेल, तर पुतळ्यापेक्षा मेंदुआच्या बांधाकडे परत जावे. तेथे कोणी तिकीट मागत नाही. हिवाळ्यात, गहू हातभर वर आलेला असताना, बांधाच्या माथ्यावर उभे राहिले की, एका अंगाला हिरवी शेते दिसतात आणि दूरवर मंडीदीपच्या बाजूला धुराची रेघ. चार-चार फुटांच्या त्या शिळांच्या सांध्यांतून गवत उगवले आहे. बैलगाडीच्या चाकोऱ्यांच्या जागी आता ट्रॅक्टरच्या चाकांचे ठसे उमटतात, आणि शेतकरी दुपारी त्याच शिळांच्या सावलीला बसून भाकरी सोडतो.